ड्रायव्हर पसार: साक्षींची शुद्ध प्रत

सोमवार, १० नोव्हेंबर. सायंकाळ.

आज दुपारी घरासमोरच्या रस्त्यावर अपघात झाला. मी प्रत्यक्षदर्शी आहे. हे वाक्य मुद्दाम आरंभीच लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत मेडशीत प्रत्यक्षदर्शींची संख्या वाढेल आणि त्यांतील बहुतेकांनी काही पाहिलेले नसेल.

घटना अशी. वामकुक्षी चालू होती. (वामकुक्षी म्हणजे झोप नव्हे, डोळे मिटून केलेले चिंतन.) मोठा आवाज झाला. मी तत्काळ उठलो, चष्मा शोधला, चप्पल शोधली, दुसरी चप्पल शोधली आणि फाटकापाशी पोचलो. फुलकोबीने भरलेला एक पिकअप समोरच्या बाभळीला नाक लावून उभा होता. रस्ताभर कोबी. ड्रायव्हरची जागा रिकामी. जऊळका स्टेशनाच्या दिशेने एक पाठमोरी आकृती धावत जाताना मी स्वतः पाहिली. उंच, सडपातळ, चालीवरून अपराधी. माझ्या डोळ्यांवर वाचनाचा चष्मा होता, ही बाब गौण आहे.

मागे मालावर बसलेला हमाल धनसिंग याचा हात मोडला. लोकांनी त्याला तालुक्याच्या मालेगावला नेले. म्हणजे ड्रायव्हर जखमी सहकाऱ्याला टाकून पळाला. नैतिकदृष्ट्या गंभीर.

हवालदार आले. लोक एकदम बोलू लागले, तेही वऱ्हाडीत. हवालदारांची पंचाईत पाहून मी पुढे झालो आणि सर्व जबान्या शुद्ध मराठीत लिहून देण्याची जबाबदारी स्वीकारली. ते म्हणाले, "लय उपकार होतीन सर, माह्यं अक्षर मलेच वाचता येत नाई." साताऱ्याहून येऊन इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवले. समाजाला त्याची गरज आज पडली.

माझी पत्नी उज्ज्वला असती तर मी फाटकाशी पोचेपर्यंत तिने निम्मी चौकशी उरकली असती. ती इथल्याच रिठदची. ही माणसे काय म्हणतात ते ती मला समजावून सांगे आणि मी तिची भाषा सुधारत असे. मार्चमध्ये ती गेली. दोन्ही कामे थांबली.

संकल्प: वामकुक्षी बंद. पहाटे फिरायला जाणे. स्वयंपाक स्वतः. तपास आठवड्याच्या आत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

पहाट हुकली. रात्री विचारमग्न होतो.

पहिला साक्षीदार चंपत, फाट्यावरचा चहावाला. हा मला 'हजारबुद्दे सर' म्हणतो. सहस्रबुद्धे या आडनावाचा अर्थ त्यातून बिघडत नसल्याने चालवून घेतो.

मूळ जबानी: "मी चा गायत होतो. धाडकन आवाज आला. पाह्यतो त डायवर खिडकीतून असा उडाला जसा कोंबडा. मंग आकोल्याची येष्टी पकडली अन् गेला." एसटी तिथे थांबली होती का, असे विचारले. "थांबते कायची. चालतीच पकडली."

शुद्ध प्रत: 'चालक वातायनातून बाहेर पडून राज्य परिवहन मंडळाच्या बसने अकोल्याकडे रवाना झाला.' शुद्ध भाषेत उतरले की जबानी विश्वसनीय वाटू लागते, हा माझा जुना अनुभव.

मी पाहिलेल्या उंच आकृतीविषयी त्याला छेडले. तो हसून म्हणाला, "थो त मीच होतो सर. धनसिंगले पानी पाजाचं म्हून टपरीकडे पयालो." हा खुलासा नोंदवला नाही. साक्षीदारानेच आरोपी होणे प्रक्रियेत बसत नाही.

दुसरा साक्षीदार धनसिंग, हात प्लास्टरमध्ये. काय पाहिले? "गोबी." त्याआधी? "गोबी." आणि नंतर? "लय गोबी. मी खालीच होतो ना सर तिच्या." शुद्ध प्रत: 'साक्षीदाराची दृष्टी फुलकोबीने बाधित झाली होती.'

तिसऱ्या साक्षीदार तुळसाबाई. रस्त्यापलीकडे त्यांचा भाजीमळा, त्यापुढे तूर, तुरीपलीकडे गुरांचा कोठा. विधवा, साठीच्या, उज्ज्वलाची मैत्रीण. एकमेव भरवशाची जबानी.

मूळ: "कोन, थो डायवर? थो त तवाच पसरला." कुठे? त्यांनी तुरीकडे हात केला. "तथी, तुरीच्या आंगाले. अजून पसरेलच हाय."

बाईंचा शब्द चुकला आणि काळही. 'पसरेल' हा भविष्यकाळ. त्यांना 'पसार' म्हणायचे होते, हे उघड आहे. शुद्ध प्रत: 'चालक तत्क्षणीच तुरीच्या शेतातून पसार झाला व अद्यापही पसार आहे.' किती सुबक वाक्य आहे. हवालदारांना फोनवर वाचून दाखवले. ते म्हणाले, "झकास."

जाताना तुळसाबाई हळूच म्हणाल्या, "कोनाले सांगू नका सर, पोरगं भेलं हाय." पळालेला माणूस भ्यालेला असणारच. मी त्यांना गोपनीयतेची हमी दिली.

दुपारी फय्याज आला. मालेगावचा भाजीचा व्यापारी, पिकअपचा मालक. ड्रायव्हर वसीम हा त्याच्या बहिणीचा मुलगा. आईबाप नाहीत, यानेच वाढवला. वसीमचा मोबाईल बंद. येत्या रविवारी त्याची मंगनी. मुलगी अनम, रिसोडची. तिचे वडील हसनैन, कापडाचे दुकानदार, यांनी कळवले आहे की गाडी ठोकली त्याचे काही नाही, पण जखमी माणूस टाकून पळणाऱ्याला मुलगी देणार नाही. फय्याज म्हणाला, "गाडी गेली त जाऊ द्या, सर. मले पोरगं पाह्यजे. अन् थो पयाला नाई, हे पाह्यजे."

मी त्याला सत्य सौम्यपणे सांगितले. साक्षी निर्णायक आहेत. वसीम जऊळका स्टेशनाकडे गेला. फय्याज तुळसाबाईंना विचारायला निघाला होता. मी अडवले. नोंदवलेल्या साक्षीदारावर कोणी दडपण आणू नये, हे तत्त्व आहे. बिचारा मोटारसायकल वळवून जऊळक्याला गेला.

स्वयंपाक उद्यापासून. आज तपासामुळे वेळ झाला नाही. चहा आणि टोस्ट.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

पहाटे धुके होते असे ऐकतो.

फय्याजबरोबर स्वतः जऊळक्याला गेलो. फोटो दाखवला. एकाने वसीमला अकोल्याच्या गाडीत चढताना पाहिले, दुसऱ्याने हिंगोलीच्या. तिसऱ्याने दोन्हीत पाहिले. शुद्ध प्रत: 'चालक उभय दिशांना रवाना झाला.' हे वाक्य उभे राहत नाही, पण त्यात दोष माझा नाही. एक म्हातारी फोटो पाहून म्हणाली, "गोड हाय पोरगा. पोरगी पाह्यता का?" फय्याज बाकावर बसून राहिला. मी त्याला शेंगदाणे घेऊन दिले.

परतल्यावर तुळसाबाई फाटकाशी. "वहिनीची गरम पान्याची पिशवी हाय ना, सर? द्या दोन दिस. कंबर धरली हाय." कोणाची, ते म्हणाल्या नाहीत, कर्ता अध्याहृत ठेवण्याची इथे पद्धत आहे. त्यांचीच असणार.

पिशवी उज्ज्वलाच्या कपाटात होती. कपाट मार्चपासून उघडलेले नव्हते. बिजागऱ्या फार कुरकुरल्या. तेल शोधायला गेलो, मग विसरलो कशाला गेलो होतो, आणि तिथेच बसलो थोडा वेळ. तुळसाबाई बाहेर उभ्या होत्या. पिशवी दिल्यावर म्हणाल्या, "भाकर खाता का काई? धाडू का?" मी स्वयंपाक स्वतः करतो, असे सांगितले. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले आणि संध्याकाळी भाकरी, पातोडीची भाजी पाठवली. नाकारणे असभ्य ठरले असते. सर्व खाल्ले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

एक नाजूक प्रसंग.

सकाळी तुळसाबाई आल्या आणि सरळ म्हणाल्या, "सर, तुमचा एखांदा जुना पायजमा हाय का? माह्या घरी गडीमानसाचं कापड नाई."

एक विधुर, एक विधवा, उघडे फाटक, समोर हमरस्ता, आणि टपरीवर चंपत. एवढ्या मोठ्याने. बाईंच्या मनात काय असावे याचा तर्क करणे माझ्या वयाला शोभत नाही. केला. मग पायजमा दाराआडून दिला. निळ्या पट्ट्यांचा, उज्ज्वलाने मंगरुळपीरला घेतलेला.

बाई निःसंकोचपणे पायजमा झटकून बघू लागल्या. "होईन त्याले," म्हणाल्या. "आता उठून बसते थो. काल दूध पेला." नवा गोऱ्हा आणलेला दिसतो. पायजम्याचा आणि गोऱ्ह्याचा संबंध लागला नाही. बहुधा थंडीसाठी पांघरूण.

जाताना म्हणाल्या, "तुमी बोलले नाई कोठी, हे लय चांगलं केलं." पायजम्याविषयी मी कोणाला कशाला सांगेन?

संकल्प: तुळसाबाईंशी यापुढे फाटकाच्या आतूनच बोलणे. भाकरी स्वीकारणे चालू ठेवावे, कारण एकदम थांबवली तर त्यातून अर्थ निघेल.

दुपारी फय्याजने मोबाईल दाखवला. गावोगावच्या ग्रुपवर बातमी फिरते आहे: 'जखमीला टाकून चालक पसार.' माझेच वाक्य. माझे नाव नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र अचूक. खाली हसनैन यांचा निरोप होता: रविवारपर्यंत मुलगा समोर आला नाही तर बोलणी संपली. फय्याजची बायको जुबेदा दोन दिवस जेवलेली नाही. फय्याज विचारत होता, "सर, तुमी पक्कं पाह्यलं ना त्याले पयताना?" मी म्हणालो, पक्के. थोडा वेळ वाटले, चष्म्याचा उल्लेख करावा. मग वाटले, त्याच्या मनात आणखी गोंधळ कशाला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

सर्दी. पहाटेच्या गारव्याचा परिणाम असावा. (गेलो नव्हतो, पण खिडकी उघडी होती.)

नागपूरहून पौर्णिमाचा फोन. माझी मुलगी. नेहमीचे प्रश्न: जेवता का, झोपता का, इकडे केव्हा येता. तपास अर्धवट टाकून येता येणार नाही, असे सांगितले. तिला तिन्ही जबान्या वाचून दाखवल्या. कोंबड्याला ती खूप हसली. तुळसाबाईंच्या जबानीपाशी थांबली. म्हणाली, "बाबा, मावशी नेमकं काय म्हणाली? तिचे शब्द सांगा, तुमचे नको." मी सांगितले. ती म्हणाली, मावशीला एकदा परत विचारा. मी म्हणालो, जबानी एकदाच घेतात, नाहीतर साक्षीदार गोंधळतो. ती म्हणाली, "साक्षीदार नाही गोंधळलेला, बाबा." आईच्या वळणावर गेली आहे. सर्दीमुळे वाद वाढवला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

अहवाल पूर्ण केला. आरंभी सारांश, शेवटी निष्कर्ष, मध्ये संधिविग्रह. उद्या हसनैन यांना रिसोडहून येताना माझ्याकडेच थांबायचे आहे. प्रत्यक्षदर्शीच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते निर्णय घेणार नाहीत, असे फय्याज म्हणाला. त्याला आशा आहे की माझ्या निवेदनात काही सवलत निघेल. मी म्हणालो, भाषा कठोर असते.

संध्याकाळी त्याच्यासाठी वाईट वाटले. 'पसार' ऐवजी 'मार्गस्थ' लिहून पाहिले. सौम्य आहे, पण अर्थ तोच. पुन्हा 'पसार' केले.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपार.

जे घडले ते क्रमाने लिहितो. अक्षर नेहमीइतके सुबक नाही. सर्दी.

हसनैन दोन वडीलधाऱ्यांसह ओसरीवर बसले. गंभीर, पांढरी दाढी, अत्तराचा वास. फय्याज उभाच होता. धनसिंगला त्यानेच आणले होते. चंपत न बोलावता चहा घेऊन आला आणि तिथेच थांबला. मी वाचन सुरू केले. सारांश झाला, आकृती झाली, वातायन झाले. तुळसाबाई त्याच वेळी गरम पाण्याची पिशवी परत द्यायला आल्या आणि पायरीवर टेकल्या. मी त्यांची जबानी वाचली: 'चालक तत्क्षणीच तुरीच्या शेतातून पसार झाला.'

"कोन पसार झाला?" तुळसाबाई.

मी म्हणालो, वसीम, तुमच्याच शब्दांत.

"माह्या? मी कवा म्हनलं पसार? मी म्हनलं पसरला. आडवा झाला, बाप्पा. कंबर मोडल्यावर मानूस पसरन नाई त काय नाचन?"

मी त्यांना समजावले की 'पसरेल' हा भविष्यकाळ असून...

"पसरेल म्हंजे पसरेल. पडून हाय माह्या कोठ्यात, खाटीवर. सहा दिसापासून शेक देऊन राह्यली मी त्याले. तुमचाच पायजमा नेसून हाय." मग माझ्याकडे पाहून, आवाज उतरवून: "मले वाटलं तुमाले समदं मालूम हाय. तुमीच त म्हनले, कोनाले सांगत नाई."

फय्याज चप्पल न घालता धावला. त्यामागे हसनैन, वडीलधारे, चंपत, हातात किटली. मीही गेलो. तूर अंगाला लागत होती. कोठ्यात गाय, गाईच्या शेजारी खाट, खाटेवर वसीम, माझ्या निळ्या पट्ट्यांच्या पायजम्यात. सडपातळ नाही. उंचही नाही. एवढी माणसे पाहून त्याने चादर तोंडावर ओढली. मग मामाला पाहून खाली केली.

त्याची हकिगत पाच वाक्यांची. गाडी बसल्यावर तो उतरला आणि मागे जाऊन कोबीखालून धनसिंगला ओढून काढले. ओढताना कमरेत कळ आली. लोकांचा गलका ऐकून बाभळीमागे सरकला, तिथून तुळसाबाईंनी गड्याच्या मदतीने कोठ्यात नेले. मोबाईल गाडीत चुरडला होता. दुसऱ्या दिवशी गड्याच्या मोबाईलवर स्वतःच्या पसार होण्याची बातमी वाचली आणि मग तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

सगळे धनसिंगकडे वळले. धनसिंग म्हणाला, "हाव, कोनीतरी धरून ओढलं होतं मले. मी डोये मिटले होते. कोनी इचारलंच नाई, कोन ओढलं म्हून. सर गोबीचंच इचारत होते."

फय्याजने वसीमच्या कानशिलात एक दिली आणि मग त्याला इतका घट्ट धरला की पोरगा कमरेसाठी ओरडला. हसनैन बराच वेळ पायजम्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "मतलब, भागा नहीं. लेटा था." आणि खाटेवर त्याच्या पायाशी बसले. अनमच्या मोबाईलवर वडिलांनी स्वतः फोन लावला.

सायंकाळ.

तपासाचे फलित: आरोपी सापडला, आणि तो आरोपी नाही. माझ्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर सापडला. असे यश फार थोड्या तपासांना येते. 'पसार' ही दुरुस्ती भाषिक दृष्टीने योग्यच होती. वस्तुस्थितीने साथ दिली नाही. फय्याज जाताना एवढेच म्हणाला, "सर, मी चार येळा जऊळक्याले गेलो." मी त्याच्या मोटारसायकलपर्यंत गेलो.

हवालदारांनी शुद्ध प्रत परत पाठवली. निरोप: "सर, माह्यं अक्षरच बरं."

'पसरणे' हा शब्द मला अपरिचित होता असेही नाही. उज्ज्वला रोज दुपारी भांडी आवरून म्हणे, "मी पसरते जराशी." मी पेपरातून मान वर न करता म्हणे, 'आडवी होते' म्हण. ती म्हणे, "थेच ते," आणि पसरे. साक्षीच्या वेळी हे कसे आठवले नाही, कळत नाही.

अहवाल माळ्यावर टाकला. पायजमा तुळसाबाईंनी धुऊन पाठवला.

रविवार, २३ नोव्हेंबर. दुपार उतरली.

आठवडाभर पुढे गेलेल्या मंगनीला जाऊन आलो. फय्याजने स्वतः येऊन बोलावले होते. म्हटले, दोन शब्द बोलायला बोलावत असावा; तयारी केली, सुबक झाली होती. खिशातच राहिली. फय्याजने पाहुण्यांशी ओळख करून दिली: "हे आमचे सर. आमचा वसीम यायनंच हारवला होता." संपूर्ण मांडव हसला. वाक्य लहान होते आणि कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी. दुरुस्तीला वाव नव्हता.

तुळसाबाई बायकांत बसल्या होत्या, नव्या लुगड्यात. वसीम कमरपट्टा बांधून ताठ, माझ्यापेक्षा ताठ. जुबेदाने मला दोनदा वाढले आणि दोन्ही वेळा, पिशवीचे बरे झाले, म्हणाली.

निघताना अनमच्या आजीने हाक मारली. फार म्हातारी, रिसोडहून आलेली, तिला काही ठाऊक नव्हते. विचारले, "सर, घरच्या बाई नाई आल्या?"

मी म्हणालो, "त्या घरी आहेत."

काळ चुकला. तो वर्तमानकाळ झाला. दुरुस्त करायला तोंड उघडले, पण आजींनी तोवर नातसुनेकडून डबा मागवला होता आणि त्यात त्या स्वतः जर्दा, म्हणजे गोड केशरी भात, भरत होत्या, उज्ज्वलाच्या वाटणीचा, वरून काजू घालून. तुळसाबाई पाहत होत्या. त्यांनी डब्याचे झाकण पुढे केले.

डबा घेऊन आलो आहे. समोर ठेवला आहे. अजून गरम आहे.